पंचविसावा अध्याय वगळून

३१ डिसेंबरच्या रात्री मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वर्षअखेरची उपासना असते. गाणी होतात, साक्षी होतात, बारा वाजता शुभेच्छा दिल्या जातात, आणि बऱ्याच ठिकाणी बाकांमधून एक परडी फिरते. तिच्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात, किंवा छापील कार्डं. प्रत्येकानं एक उचलायची. जे वचन निघेल ते आपलं वर्षभराचं. वचनं निवडणारे साहजिकच गोड तेवढी निवडतात. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातलं नववं वचन त्यांपैकी एक. आशय असा, की देव आपल्या लोकांकडे कृपेनं वळून पाहील, त्यांना फलद्रूप करील, त्यांची संख्या वाढवील आणि त्यांच्याशी केलेला करार पाळील.

ज्याच्या वाट्याला ही चिठ्ठी येते तो खूश होतो. मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, अडकलेला प्लॉटचा व्यवहार, जे काही मनात असेल ते त्या चार ओळींवर टांगून घरी जातो. त्या आनंदावर विरजण घालायची मला हौस नाही. पण हेच वचन यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला नेऊन वाचलं तर ते वेगळं ऐकू येतं, कारण मुळात ते शेतकऱ्याला दिलेलं वचन आहे. त्याच्या आगेमागे जे आहे ते सगळं शेतीचं: पाऊस वेळेवर पडेल, मळणी द्राक्षांच्या तोडणीपर्यंत चालेल आणि तोडणी पेरणीपर्यंत, जुनं धान्य इतकं उरेल की नव्याला जागा करायला ते बाहेर काढावं लागेल. नोकरी, प्लॉट, परदेशी व्हिसा यांचा तिथे मागमूस नाही. आहे ते कोरडवाहू शेतकऱ्याचं स्वप्न, अगदी तपशिलासकट.

दिग्रस म्हणजे कापूस, सोयाबीन आणि तूर. जवळ अरुणावतीचं धरण आहे, पण तालुक्यातली बहुतेक शेती आजही मृगाकडे डोळे लावून बसते. पेरलं आणि पावसानं दडी मारली तर दुबार पेरणी; दुबारही वाया गेली तर सावकार, नाहीतर कृषी केंद्राची उधारी. पहिल्या वेचणीच्या आधी शेतात सीतादही घालायची, भूमीला दहीभात दाखवायचा, ही वऱ्हाडाची रीत. म्हणजे पिकावर वरून कुणाचीतरी कृपादृष्टी असावी लागते, हे इथल्या माणसाला मोशेनं येऊन सांगायची गरज नव्हती. ख्रिस्ती धर्मही या जिल्ह्याला नवखा नाही. फ्री मेथडिस्ट मिशनचं वऱ्हाडातलं मोठं केंद्र यवतमाळ. १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे देशभरातल्या पाळकांना घडवणारी पाठशाळा, याच शहरात होती. तीस वर्षं तिथे लेवीय शिकवलं गेलं, आणि आजूबाजूला कापूस पिकत होता, बुडत होता.

अडचण अशी, की ज्या अध्यायातून हे वचन उचलतात त्यात आशीर्वाद अकरा वचनांत आटोपतात आणि शाप त्याच्या दुपटीहून जास्त जागा घेतात. आकाश लोखंडाचं होईल, जमीन पितळेची. कष्ट वाया जातील, जमीन पीक देणार नाही. पेराल तुम्ही आणि खातील तुमचे शत्रू. दहा बायका एकाच भट्टीत भाकरी भाजतील आणि तोलून वाटतील. खाऊनही पोट भरणार नाही. बायबलच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकातली यादी आणखी लांब आहे, तिच्यात अळीसुद्धा आहे. गुलाबी बोंडअळीनं पोखरलेली पऱ्हाटी ज्यानं पाहिली त्याला ते वचन समजावून सांगावं लागणार नाही. यहुदी सभास्थानात हा शापांचा भाग वाचायची पाळी आली की वाचणारा आवाज खाली आणतो आणि भराभर वाचून मोकळा होतो. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. शाप मोठ्यानं वाचले की समोरच्यावर रोखल्यासारखे होतात.

परडीतल्या चिठ्ठीचं नेमकं हेच होतं. 'देव आज्ञाधारकाला पाऊस देतो' हे वाक्य पेठेतल्या पक्क्या घरात निरुपद्रवी आहे. ज्याचं बियाणं जुलैत करपलं त्याच्यासमोर तेच वाक्य उलटं उभं राहतं: पाऊस आला नाही, म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं असणार. प्रार्थना कमी पडली, दशांश दिला नाही, घरात काही पाप दडलं आहे. हे कुणी तोंडावर बोलत नाही. बोलायची गरजही नसते. साक्षीच्या वेळी शेजारचा माणूस उठून 'देवानं यंदा आम्हांला भरभरून दिलं' म्हणतो, तेवढं पुरतं. समृद्धीची शिकवण देणारे प्रचारक हल्ली मोबाइलवरून थेट शेताच्या बांधापर्यंत पोचले आहेत, आणि त्यांच्या हिशेबात श्रद्धा टाकायची, बरकत काढायची, असा रोखीचा कारभार आहे.

बायबलनं स्वतःच हा कारभार मोडून काढला आहे, हेही सांगायला हवं. ईयोबाचं आख्खं पुस्तक त्यासाठी आहे. तीन मित्र येतात, संपत्ती गेली म्हणजे पाप केलं असणार असं तर्कशुद्ध बोलतात, आणि शेवटी देव त्या तिघांवर रागावतो. नीतिमान आणि अनीतिमान दोघांच्याही शेतावर पाऊस पडतो, असं येशू सांगतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती काही इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, हेही त्याचंच.

आणि मराठीत याचा जिवंत पुरावा आहे पंडिता रमाबाईंचा. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं कुटुंब तीर्थक्षेत्रं हिंडत राहिलं, पुराणं सांगत राहिलं, देवाची कृपा व्हावी म्हणून जवळचं सगळं दानधर्मात आणि अनुष्ठानांत घालत राहिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. देवाशी देवाणघेवाण केल्यानं काय होतं ते रमाबाईंनी उपाशी पोटी पाहिलं होतं. म्हणून पुढे ख्रिस्ती झाल्यावर १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या तेव्हा उपाशी मुलींना 'तुमच्या पापाचं फळ' असं काही ऐकवायला गेल्या नाहीत. मुली गोळा केल्या आणि घेऊन आल्या. केडगावला विहिरी खणल्या, शेती लावली, छापखाना घातला. आयुष्याची शेवटली वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. लेवीयचा सव्विसावा अध्यायही त्यात आहे. आकाश लोखंडाचं होतं म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या बाईनं तो हिब्रूतून मराठीत आणला.

तर मग या वचनाचं करायचं काय? माझं म्हणणं असं, की ते फेकून द्यायची गरज नाही. फक्त एक अध्याय आधीपासून वाचायची गरज आहे.

बायबलचे अध्याय मूळ लेखकांनी पाडलेले नाहीत. ती विभागणी तेराव्या शतकातली, युरोपातल्या विद्यापीठांच्या सोयीची. लेवीयचा पंचविसावा अध्याय 'सीनाय पर्वतावर देव मोशेशी बोलला' अशा वाक्यानं सुरू होतो, आणि तोच सीनाय पर्वत सव्विसाव्याच्या अगदी शेवटच्या वाक्यात परत येतो. दोन्ही अध्याय मिळून एक भाषण आहे. आशीर्वाद हा त्या भाषणाचा उत्तरार्ध. पूर्वार्धात काय आहे ते पाहिलं की मराठी शेतकरी चमकून उठेल, कारण पूर्वार्धात सातबारा आहे.

दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. सात वेळा सात वर्षं झाली की पन्नासावं वर्ष योबेलाचं. प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर शिंग फुंकायचं, आणि ज्याची जमीन गेली त्याला ती परत. कर्जापायी स्वतःला विकलेला माणूस आपल्या घरी परत. जमीन कायमची विकायचीच नाही, कारण ती देवाची आहे आणि तुम्ही तिच्यावर उपरे, पाहुणे. जमीन विकली तरी प्रत्यक्षात विकायची ती योबेलापर्यंतची पिकं. जितकी पिकं उरली तितकी किंमत. दिग्रसच्या माणसाला हे लगेच कळेल: याला आपल्याकडे मक्ता म्हणतात. भावाला पैसे द्यायचे तर व्याज घ्यायचं नाही, धान्य द्यायचं तर वाढीनं परत मागायचं नाही. म्हणजे एका पायलीची सवा पायली नाही, दीड पायली नाही. सवाई-दिढीचा धंदा मुळापासून बंद. गरिबीनं पिचून भाऊ तुझ्या दाराशी राबायला आला तर त्याला गुलामासारखं वागवू नकोस, मजुरीच्या माणसासारखं वागव. सालगड्याची ही आचारसंहिता दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आवडतो तो मधेच आलेला प्रश्न. सातव्या वर्षी पेरायचं नाही म्हणता, मग आम्ही खायचं काय? हा प्रश्न त्या ग्रंथानं स्वतःच लिहून ठेवला आहे, शेतकऱ्याच्या तोंडी घातला आहे. उत्तर मिळतं: सहाव्या वर्षी तीन वर्षांचं पिकेल. ज्या भरघोस पिकाचं वचन चिठ्ठीवर छापतात ते पहिल्यांदा या ठिकाणी येतं. जमिनीला आणि कर्जदाराला मोकळं करणाऱ्यांना काय खायला मिळणार, याचं उत्तर म्हणून.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सव्विसावा अध्याय सुरू होतो तो मूर्तींच्या निषेधानं, आणि कोणी म्हणेल की खरी अट तीच, बाकी शेतीवाडी गौण. तसं वाचणारे पुष्कळ आहेत. पण त्याच अध्यायात शिक्षेचा हिशेब लागतो तेव्हा देव काय मोजतो ते पाहावं. लोक परागंदा होतील, देश ओस पडेल, आणि तेव्हा जमीन आपले बुडालेले शब्बाथ वसूल करील. तुम्ही तिथे राहत असताना तिला जी विश्रांती मिळाली नाही ती तिला मिळेल. थकबाकीदार माणूस आहे आणि धनको जमीन. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी बाबेलच्या सत्तर वर्षांच्या हद्दपारीचा अर्थ याच भाषेत लावला आहे. कापसावर कापूस घेऊन जमीन ओरबाडणाऱ्या, उत्पन्न घसरलं की खताची आणखी एक गोणी ओतणाऱ्या आपल्या शेतीला हे ऐकवायला कुणी परका धर्मगुरू नको. माती परीक्षणाचा कागद पुरे.

कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांना शेजारी 'शनवार तेली' म्हणत. शनिवारी, म्हणजे शब्बाथाला, त्यांचा घाणा बंद, कारण कराराची तेवढी खूण त्यांनी शतकानुशतकं जपली होती. त्या दिवशी घाण्याचा बैलही मोकळा असायचा. शेजाऱ्यांना त्यांच्या देवाबद्दल काही माहीत नव्हतं. बैल उभा दिसत होता, तेवढं माहीत होतं.

शाप आणि आशीर्वादांच्या याद्यांची ही रचना मोशेची खास नव्हे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. जुन्या पश्चिम आशियात मोठा राजा मांडलिकाशी तह करताना शेवटी अशीच यादी जोडत असे. इ. स. पू. ६७२ मध्ये अश्शूरच्या एसरहद्दोननं आपल्या मांडलिकांकडून जे शपथपत्र घेतलं त्यात लोखंडी जमीन आणि पितळी आभाळ जवळपास याच शब्दांत येतात. म्हणजे मसुदा साम्राज्याचा. बदललं ते एवढंच की मांडलिकानं निष्ठा कुणाला वाहायची. साम्राज्याच्या तहात ती खंडणी भरून सिद्ध होते. लेवीयच्या तहात भावाचं कर्ज सोडून.

कर्ज सोडणंही जुन्या पश्चिम आशियात नवं नव्हतं. बाबेलचे राजे गादीवर बसले की कर्जमाफीचं फर्मान काढत. हम्मुराबीच्या वंशातल्या अम्मिसदुकाचं असं फर्मान मातीच्या पाट्यांवर आजही वाचता येतं. लोक राजाचा जयजयकार करत, आणि पुढच्या राजापर्यंत पुन्हा कर्जात बुडत. योबेलाच्या कायद्यानं केलं काय, तर माफी राजाच्या हातातून काढून दिनदर्शिकेत टाकली. पन्नासावं वर्ष कुणाच्या मर्जीनं येत नाही, कुणाच्या राज्यारोहणाची वाट पाहत नाही. माझ्या मते या आख्ख्या मजकुरातली सर्वांत क्रांतिकारक कल्पना ही आहे, आणि चिठ्ठीवर ती कधीच येत नाही.

आपल्याकडे काय झालं ते आठवावं. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करप्यांनी वर्ध्याजवळ पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते, आणि दर वर्षी त्या दिवशी किसानपुत्र अन्नत्याग करतात. त्यानंतर वीस वर्षांनी, १ जुलै २००६ ला, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. यवतमाळ त्यात होतं. २००८ मध्ये केंद्राची कर्जमाफी आली. दोन हेक्टरपर्यंतच्यांना पूर्ण, त्यावरच्यांना ढोबळमानानं पाऊण भरा आणि पाव सोडवा. बागायती पट्ट्यात दोन हेक्टर म्हणजे चांगली शेती. वऱ्हाडात पाच एकर कोरडवाहूवर घर चालत नाही. म्हणून ज्यांच्या मरणानं माफी आली त्यांचेच शेजारी माफीच्या रेषेबाहेर राहिले. २०१७ मध्ये राज्याची दीड लाखांची माफी, २०१९ च्या डिसेंबरात दोन लाखांची. सावकाराचं देणं या चौकटीत बसतच नव्हतं. प्रत्येक वेळी माफी ही सरकारची कृपा होती, फलकावर फोटो असलेली.

यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात हाच खेळ आहे. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला तेव्हा सिद्कीया राजानं घाईघाईनं करार केला आणि सगळ्यांनी आपले इब्री गुलाम मोकळे केले. मग मिसरचं सैन्य येतंय अशी बातमी आली, बाबेलवाले तात्पुरते मागे हटले, आणि लोकांनी तेच गुलाम परत धरून आणले. संकटात सोडायचं, संकट टळलं की धरायचं. यिर्मया त्यांना सांगतो की तुम्ही त्यांना मोकळं केलं नाहीत, तर आता देव तुम्हांला मोकळं करतोय: तलवारीच्या हवाली, मरीच्या हवाली, दुष्काळाच्या हवाली. देवाच्या तोंडी इतका कडू विनोद क्वचित सापडतो.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायातली मंडळी तर थेट आपल्या तहसीलसमोर उभी केली तरी चालतील. दुष्काळात धान्य घ्यायला शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली. राजाचा सारा भरायला कर्ज काढलं. आता पोरी गुलामगिरीत जाताहेत, आणि सावकार आपल्याच रक्ताचे. बायका ओरडत आल्या असं तिथे मुद्दाम नोंदवलं आहे. नहेम्या अधिकाऱ्यांना जमवतो, शेतं आजच्या आज परत द्या म्हणतो, व्याजही परत द्या म्हणतो, याजकांसमोर शपथ घ्यायला लावतो आणि अंगरखा झटकून दाखवतो: शब्द मोडेल त्याला देव असाच घरातून झटकून टाकील. मग सगळे 'आमेन' म्हणतात. त्या आमेनची किंमत होती. आपल्याकडे सुप्याला १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली तेव्हा मधे उभा राहणारा नहेम्या नव्हता. चार वर्षांनी कायदा झाला तोही पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. वऱ्हाड त्यात नव्हतंच.

आता बँकेतला कोणी गृहस्थ हसून म्हणेल: माफी करा, पुढच्या वर्षी कर्ज कोण देणार? प्रश्न खोटा नाही. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात तो आधीच विचारलेला आहे: सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरीब भावाला हात आखडू नकोस. आणि लोकांनी हात आखडलाच. शेवटी हिल्लेल या मोठ्या यहुदी गुरूला इसवी सनाच्या उंबरठ्यावर एक कायदेशीर पळवाट काढून द्यावी लागली: कर्ज न्यायालयाच्या नावावर करायचं म्हणजे ते बुडत नाही. आणि योबेल पाळला गेल्याची एकही ठोस नोंद बायबलमध्ये नाही. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? अट पाळली गेली नाही म्हणून अट पुसून टाकायची, आणि त्या अटीवर बांधलेला आशीर्वाद मात्र आपल्या नावानं फाडून घ्यायचा, हे मला पटत नाही.

मराठी मनाला या वचनात नवस दिसतो, आणि तो दिसणं स्वाभाविक आहे. पण नवसात अट माणूस घालतो: मूल होऊ दे, तुझ्या पायरीशी बकरं आणीन. इथे अट देवाची, आणि ती देवाला काय द्यायचं याबद्दल जवळजवळ नाहीच. शेजाऱ्याचं काय सोडायचं याबद्दल आहे. याला आपल्याकडचं सर्वांत जवळचं उदाहरण मला नवसात सापडत नाही, देहूला सापडतं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची बायको गेली, मुलगा गेला, दुकान बसलं. परंपरा सांगते की घरातली कर्जखतं त्यांनी वाटून घेतली. अर्धी भाऊ कान्होबाला दिली, कारण त्याच्या संसाराचा निर्णय आपण घ्यायचा नाही, आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. आकाश लोखंडाचं झालेलं असताना, स्वतःचं घर उघडं पडलेलं असताना, एका वाण्यानं आपल्यापुरता योबेल केला. त्यात देवाकडून परतफेडीची अपेक्षा कुठे दिसत नाही.

दिग्रसहून अनेक बंजारा भाविक पोहरादेवीला जातात. त्यांच्या अरदाशीत भलं मागितलं जातं ते सगळ्यांचं, जीवजनावरांसकट. मला ही प्रार्थना लेवीयच्या अगदी शेजारची वाटते, कारण लेवीयच्या पडीक वर्षातही जे आपसूक उगवेल ते मालक, गडी, मजूर, उपरा, गुरं आणि रानटी जनावर अशा सगळ्यांसाठी आहे. एकट्याच्या नावानं मागायचं वचनच तिथे नाही. सगळी वस्ती एकत्र उभी करून ते सांगितलं आहे, आणि पाऊस हा तसाही एकेकट्याच्या सातबाऱ्यावर पडत नाही.

जे शापांपाशी थांबतात त्यांनी अध्याय शेवटपर्यंत वाचावा. सगळं उद्ध्वस्त झाल्यावर देव म्हणतो की मी याकोबाशी केलेला करार आठवीन, इसहाकाशी केलेला, आब्राहामाशी केलेला. आणि मग: भूमीलाही आठवीन. आब्राहामाशी झालेला तो करार उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे. प्राणी मधोमध कापून दोन बाजूंना ठेवलेले. तह करणाऱ्यानं त्यांच्यामधून चालत जायचं, मोडलं तर माझी अशी गत होवो म्हणून. आब्राहाम गाढ झोपेत असतो. मधून जाते ती धुराची भट्टी आणि पेटती मशाल, म्हणजे स्वतः देव. माणसानं शपथ घेतलीच नाही. तेव्हा कृपा सशर्त की बिनशर्त, हा वाद ग्रंथातच मिटलेला नाही. सीनायच्या अटी मोडतात. त्यांच्याखाली आणखी एक करार आहे, जो मोडणं माणसाच्या हातात नाही. दुष्काळात सापडलेल्याला काही ऐकवायचंच असेल तर हे ऐकवावं, नववं वचन नव्हे.

तरी एक खोट राहते, आणि ती मोठी आहे. ज्या पंचविसाव्या अध्यायाचं मी इतकं कौतुक केलं त्यातच लिहिलं आहे की भाऊबंदांना गुलाम करू नका, पण आसपासच्या परक्यांना विकत घ्यायला आणि मुलाबाळांना वारशात द्यायला हरकत नाही. शिंग फुंकलं तरी त्यांच्यासाठी नाही. करार कितीही उदार असो, यादीत कोण हा प्रश्न उरतोच.

यवतमाळला तो प्रश्न कागदावर सोडवला जातो. शेतकऱ्यानं जीव दिला की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं न फिटलेलं कर्ज, वसुलीचा तगादा, हे सिद्ध झालं तर घरच्यांना एक लाख. जो मक्त्यानं दुसऱ्याची जमीन कसत होता, ज्यानं बिनपरवाना सावकाराकडून घेतलं, जिच्या नावावर सातबाराच नव्हता, त्यांच्या बाबतीत कागद जुळत नाहीत. मयत एकच, भूक एकच. एका घरातली विधवा पात्र आणि पलीकडच्या घरातली अपात्र.

नासरेथच्या सभास्थानात येशूनं यशयाचं पुस्तक उघडून देवाच्या कृपेचं वर्ष जाहीर केलं, ते योबेलाच्याच भाषेत: गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका. लूक सांगतो की लोकांना ते आवडलं. आपल्या गावचा पोरगा किती छान बोलतो म्हणून कौतुक झालं. मग त्यानं पुढची गोष्ट काढली. एलियाच्या काळात साडेतीन वर्षं पाऊस नव्हता, इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलियाला पाठवलं ते सीदोनच्या मुलखातल्या सारफथच्या एका परक्या विधवेकडे. पीठ आटलं नाही ते तिच्या मडक्यातलं. हे ऐकून तीच माणसं उठली, त्यांनी त्याला गावाबाहेर काढलं, आणि ज्या डोंगरावर गाव वसलं होतं त्याच्या कड्यापर्यंत ढकलत नेलं.